बिऱ्हाड हलवणाऱ्या मुंग्या आणि त्यांच्यामागे फिरणारे पक्षी

शेतात नांगर सुरू झाला की गायबगळे त्याच्यामागे का चालतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. फाळाने माती उलटते, आतले किडे उघडे पडतात, बगळा ते उचलतो. कोतवाल गुरांच्या पाठीवर बसून हेच करतो. वणवा लागला की त्याच्या कडेला कोतवाल आणि नीलकंठ जमतात, कारण आगीपुढे टोळ आणि नाकतोडे सैरावैरा पळत असतात. हुसकवायचं काम दुसऱ्याने करायचं आणि टिपायचं आपण, अशी ही युक्ती. पण बगळ्याचं तिच्यावाचून अडत नाही. नांगर नसेल त्या दिवशी तो ओढ्याकाठी जाऊन बेडूक शोधतो.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या पर्जन्यवनांत मात्र काही छोट्या पक्ष्यांनी अख्खा संसार याच युक्तीवर उभा केला आहे. त्यांचा नांगर म्हणजे लष्करी मुंग्यांची फौज. फौज सापडली तर पोट भरतं, नाही सापडली तर उपास. या एका गोष्टीतून त्यांचं सगळं वागणं उलगडतं: ते कसे बसतात, कुणाशी भांडतात, सकाळी पहिल्यांदा कुठे जातात. आणि जंगलाचे तुकडे पडले की बाकीच्या पक्ष्यांच्या आधी हेच का नाहीसे होतात, तेही.

आधी नावाचा घोळ

इंग्रजीत यांना ‘अँटबर्ड’ म्हणतात, म्हणून आपण मुंगीपक्षी म्हणू. पण हे पक्षी मुंग्या खात नाहीत. मुंग्यांच्या धाडीपुढून जीव घेऊन पळणारी झुरळं, रातकिडे, नाकतोडे, कोळी हे त्यांचं अन्न. लष्करी मुंगी चावते, नांगीही मारते, आणि तिच्या अंगात खाण्यासारखं फारसं काही नसतं. एखादी मुंगी पायावर चढलीच तर पक्षी तिला चोचीने उडवून टाकतो, गिळत नाही.

दुसरा गैरसमज असा की सगळेच मुंगीपक्षी मुंग्यांमागे फिरतात. थॅम्नोफिलिडी नावाच्या या कुळात 230 हून अधिक प्रजाती आहेत. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत त्या पसरल्या आहेत आणि सर्वांत जास्त ॲमेझॉनच्या खोऱ्यात आहेत. त्यांतल्या बहुतेक जणी आपल्या सुभगासारख्या पानापानांतून किडे वेचून खातात. मुंग्यांशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. काही प्रजाती फौज आपल्या हद्दीतून गेली तर हात धुऊन घेतात, एरवी आपलं आपण शोधतात. पूर्णपणे मुंग्यांवर विसंबलेल्या प्रजाती विसेकच. हा लेख मुख्यतः त्यांच्याबद्दल आहे.

आणखी एक. याच भागात ‘अँटपिट्टा’ नावाचे पक्षी आहेत. आखूड शेपूट आणि लांब पाय पाहून आपल्या नवरंगाची आठवण येते, पण नवरंगाशी त्यांचं जवळचं नातं नाही. जमिनीवर उड्या मारत किडे शोधायचे तर शरीराला असा आकार सोयीचा पडतो, इतकंच.

या पक्ष्यांना मराठी नावं नाहीत, त्यामुळे पनामातल्या तीन प्रजाती त्यांच्या इंग्रजी नावांनीच ओळखून घेऊ. ओसेलेटेड सर्वांत मोठा: लांबीला बुलबुलाएवढा, वजन सुमारे 50 ग्रॅम, अंगभर खवल्यांसारखे गोल ठिपके आणि डोळ्याभोवती निळ्याभोर उघड्या कातडीचा मोठा डाग. बायकलर्ड चिमणीएवढा, 30 ग्रॅमच्या आसपास, वरून तपकिरी आणि खालून पांढरा. स्पॉटेड सर्वांत लहान, जेमतेम 17-18 ग्रॅमचा, पांढऱ्या छातीवर काळ्या ठिपक्यांची माळ. पहिले दोघे पूर्ण मुंगीनिष्ठ, तिसरा सोयीनुसार.

फौज कशी चालते

पक्षी समजायचा तर आधी मुंगी समजली पाहिजे. जी लष्करी मुंगी इथे महत्त्वाची आहे तिचं शास्त्रीय नाव एसिटॉन बर्चेली. एका वसाहतीत काही लाख मुंग्या असतात. मोठ्या वसाहतीत हा आकडा पाच लाखांच्याही पुढे जातो. कामकरी मुंगी 3 ते 12 मिलिमीटर लांब. त्यांतल्या सैनिक मुंग्यांचे जबडे विळ्यासारखे वळलेले असतात. दृष्टी जवळपास नाहीच, सगळा कारभार वासावर आणि स्पर्शावर चालतो.

या मुंग्यांना वारूळ नसतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, तसं यांचं बिऱ्हाड यांच्याच अंगाचं. रात्री हजारो कामकरी मुंग्या एकमेकींच्या पायांत पायांचे आकडे अडकवून लोंबकळतात आणि त्यांचाच एक मोठा लगदा तयार होतो. भिंती मुंग्यांच्या, छत मुंग्यांचं, आत राणी, अंडी आणि अळ्या. असं बिऱ्हाड पडलेल्या ओंडक्याखाली, झाडाच्या आधारमुळांच्या बेचक्यात किंवा पोकळ खोडात असतं.

उजाडलं की लगदा सुटू लागतो. मुंग्या एका दिशेने बाहेर पडतात, पुढे पंख्यासारख्या पसरतात आणि धाड सुरू होते. आघाडी 10-15 मीटर रुंद असू शकते. तिचा वेग ताशी 15 मीटरच्या आसपास, म्हणजे माणसाला तिच्यापुढे चालायची घाई नसते. पण पालापाचोळ्यात दडलेल्या किड्याला सुटका नसते. पाचोळ्याचं प्रत्येक पान, प्रत्येक भेग, झाडाच्या बुंध्याचा खालचा भाग, सगळीकडे मुंग्या शिरतात. उष्ण कटिबंधातल्या जंगलात जमिनीवरचे किडे दिवसा दिसत नाहीत. सुकलेल्या पानाच्या रंगाचे असतात आणि हालत नाहीत. पक्ष्याने एकेक पान उलटत बसायचं म्हटलं तर दिवस पुरायचा नाही. मुंग्या हे काम एका तासात करतात, आणि जो किडा एरवी मेल्यासारखा पडून राहिला असता तो उडी मारून उघड्यावर येतो.

इथवर सगळं सोपं वाटतं. अडचण पुढे आहे: ही फौज रोज सारखी बाहेर पडत नाही.

एसिटॉनच्या वसाहतीचं चक्र साधारण 35 दिवसांचं असतं. त्यातले सुमारे 15 दिवस भटके. या काळात वसाहतीत हजारो अळ्या एकाच वयाच्या असतात आणि त्या सतत भुकेल्या असतात. म्हणून रोज मोठी धाड पडते, आणि रात्री बहुधा बिऱ्हाड नव्या जागी हलतं, कधी शंभर मीटरच्या पलीकडेही. मग एके दिवशी सगळ्या अळ्या कोषात जातात. कोषातल्या पिलाला अन्न लागत नाही. खाणारी तोंडं एकदम कमी झाली की फौज थंडावते. पुढचे सुमारे 20 दिवस बिऱ्हाड एकाच जागी राहतं. याच मुक्कामात राणी एक लाखाहून जास्त अंडी घालते. धाडी पडतात त्या लहान, आणि काही दिवशी पडतच नाहीत. मग कोषांतून नव्या कामकरी मुंग्या बाहेर येतात, अंड्यांतून नव्या अळ्या निघतात, पुन्हा भूक, पुन्हा भटकंती.

मुक्कामाच्या काळातला एक बारकावा सांगण्यासारखा आहे. एकाच जागेवरून रोज धाड टाकायची तर तीच तीच जमीन पुन्हा विंचरली जाण्याचा धोका. पण मुंग्या लागोपाठच्या धाडींची दिशा सरासरी 120 अंशांच्या आसपास फिरवतात. म्हणजे आज जिथे लुटलं त्याच्या शेजारी उद्या जात नाहीत, दूरच्या अंगाला जातात. लुटलेल्या पट्ट्यात किडे परत यायला तेवढा अवधी मिळतो.

पक्ष्याचा हिशेब

आता पक्ष्याच्या जागी बसून विचार करा. त्याने एकच वसाहत धरून ठेवली तर 35 पैकी 20 दिवस त्याचं ताट अर्धं किंवा रिकामं. म्हणून मुंगीनिष्ठ पक्षी एका वेळी अनेक वसाहतींवर लक्ष ठेवतो.

हे लक्ष ठेवणं कसं होतं, ते कोस्टा रिकातल्या मॉन्टेवर्दे इथे नीट पाहिलं गेलं आहे. पक्षी बिऱ्हाडापाशी जातो, जवळच्या फांदीवर बसून मान वाकडी करून आत डोकावतो, आणि निघून जातो. त्या वेळी तो काहीही खात नाही. धाड संपल्यावर संध्याकाळी, किंवा सकाळी धाड सुरू होण्याच्या सुमारास अशी फेरी होते. मुंग्या हालचालीला लागल्या असतील तर थांबायचं, लगदा शांत असेल तर पुढच्या बिऱ्हाडाकडे. पोस्टमनसारखी ठरलेली घरं, फक्त क्रम रोजचा वेगळा. आज खायला काही मिळणार नाही अशा ठिकाणीही जाऊन पाहायचं, कारण माहिती उद्या उपयोगी पडते. एवढ्याशा पक्ष्याकडे इतकी दूरदृष्टी असावी, याचं अभ्यासकांनाही अप्रूप वाटतं.

दुसरा मार्ग म्हणजे कान. फौजेवर पक्षी जमले की त्यांचा कर्कश, घरघरता आवाज सुरू होतो. तो ऐकून इतर पक्षी येतात. ज्याला स्वतः बिऱ्हाड शोधता येत नाही त्याला यामुळे फुकटात पत्ता मिळतो. लाकूडसरपटे म्हणता येतील असे वुडक्रीपर, टॅनेजर, ग्राउंड कोकिळा असे अनेक पाहुणे असेच येतात.

हद्दीचं गणितही यामुळे बदलतं. साधारणपणे किडे खाणारा जंगली पक्षी आपली हद्द ठरवतो आणि दुसऱ्याला आत येऊ देत नाही. फौज मात्र कुणाच्याही हद्दीत जाईल. बायकलर्डने यावर तोडगा काढलेला आहे: हद्द असते, पण तिच्यात इतरांना मज्जाव नसतो. आपल्या हद्दीत फौज आली की त्या जोडीचा मान पहिला, बाकीचे बायकलर्ड दबून राहतात. फौज सरकत शेजारच्या हद्दीत गेली की मान शेजाऱ्याकडे जातो आणि कालचा यजमान आजचा पाहुणा होतो. ओसेलेटेडमध्ये तर मुलगे आपल्या जोडीदारणीसह आईवडिलांच्या आसपास राहतात आणि अख्खं कुटुंब एकत्र फौजेवर येतं.

धाडीच्या आघाडीवर

उंदराच्या शेपटीएवढ्या बारीक उभ्या रोपट्याला बायकलर्ड आडवा चिकटून बसतो, जमिनीपासून हातभर उंचीवर. एक पाय दुमडलेला, दुसरा ताणलेला, अंग जमिनीला समांतर, मान खाली. आडव्या फांदीवर बसण्यापेक्षा त्याला हे उभं रोपटंच बरं, कारण आघाडीच्या नेमकं वर, मुंग्यांपासून फूटभर अंतरावर आडवी फांदी मिळेलच असं नाही, बारीक रोपटी मात्र जागोजाग असतात. पाचोळ्यातून झुरळ उसळतं. पक्षी खाली झेपावतो, पकडतो आणि पाय मुंग्यांत टेकतात न टेकतात तोच दुसऱ्या रोपट्यावर असतो. हे सगळं सेकंद-दोन सेकंदांत. झुरळ मोठं असेल तर चोचीत आपटून पाय तोडतो, मग गिळतो. जरा उशीर झाला तर मुंग्याच ते झुरळ धरतात.

आघाडीवरच्या सगळ्या जागा सारख्या नसतात. मधोमध, जिथे मुंग्या दाट आणि किडे जास्त उसळतात, ती जागा सर्वांत मोलाची. ती ओसेलेटेडची. तो बायकलर्डला तिथून हाकलतो, बायकलर्ड स्पॉटेडला हाकलतो. स्पॉटेड मग कडेला, जिथे एखाददुसरा किडा निसटतो, तिथे समाधान मानतो. वजनाचा क्रम आणि मानाचा क्रम जवळपास एकच. पंगतीत आधी कोण बसणार हे ठरलेलं असतं, फक्त इथे वाढपी मुंग्या आहेत. हा क्रम लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

मुंग्यांना या सगळ्यातून काय मिळतं? पूर्वी समजूत अशी होती की पक्ष्यांमुळे किडे घाबरून परत मुंग्यांकडे वळतात आणि दोघांचाही फायदा होतो. पनामात पक्ष्यांना धाडीपासून दूर ठेवून मोजमाप केलं, तेव्हा पक्षी नसताना मुंग्यांच्या हाती जास्त भक्ष्य लागतं असं दिसलं. म्हणजे पक्षी सरळसरळ मुंग्यांच्या तोंडचा घास काढतात. याला भागीदारी म्हणणं चूकच, हे फुकटचं जेवण आहे.

फुकट्यांची रांग इथे संपत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेतून पोषक द्रव्यं मिळवायला काही फुलपाखरांच्या माद्या फौजेमागे येतात. पळणाऱ्या झुरळांच्या अंगावर अंडी घालणाऱ्या माश्या आघाडीपुढे घिरट्या घालतात. एसिटॉन बर्चेलीवर या ना त्या प्रकारे अवलंबून असलेल्या प्राण्यांची यादी 300 च्या पुढे जाते.

पाहायला गेलात तर

पनामा सिटीपासून जवळ सोबेरानिया राष्ट्रीय उद्यानात ‘पाइपलाइन रोड’ नावाचा सुमारे 17 किलोमीटरचा कच्चा रस्ता आहे. अमेरिकेत राहणारे बरेच मराठी पक्षीनिरीक्षक कोस्टा रिका आणि पनामाला जातात, म्हणून थोडं कामाचं.

सकाळी सातच्या पुढे चालायला लागा. दुपारी धाड बऱ्याचदा थोडा वेळ मंदावते. रस्त्यावरून डोळ्यांनी फौज शोधू नका, कानांनी शोधा: एकाच जागेहून चारपाच पक्ष्यांची घरघर सतत येत असेल आणि ती जागा हळूहळू सरकत असेल तर खाली फौज आहे असं समजा. जवळ गेल्यावर पाचोळ्यावर पावसाची बारीक सर पडावी तसा आवाज येतो. तो मुंग्यांचा आणि उड्या मारणाऱ्या किड्यांचा.

कधी कधी आघाडी न दिसता मुंग्यांची नुसतीच रांग आडवी येते. अशा वेळी भक्ष्य घेऊन जाणाऱ्या मुंग्या पाहा. त्या चालल्या आहेत तिकडे बिऱ्हाड. तुम्हाला उलट दिशेला जायचं आहे.

आघाडी सापडली की तिच्यासमोर उभं राहू नका, बाजूला चारपाच मीटरवर राहा. समोर उभं राहिलात तर दहा मिनिटांत फौज तुमच्या बुटांवर असते आणि पक्षी तुमच्यामुळे मधली जागा सोडून देतात. विजार मोज्यांत खोचा. मुंग्या चढल्याच तर जागेवर नाचत बसू नका, आधी दहा पावलं बाहेर या, मग एकेक काढा. सैनिक मुंगीचा जबडा रुतलेला असेल तर ओढताना डोकं तिथेच राहतं, ते वेगळं काढावं लागतं. जंगलात खाली उजेड फार कमी असतो, म्हणून 10 पट मोठं करणाऱ्या दुर्बिणीपेक्षा 8 बाय 42 बरी. पक्षी बोलावण्यासाठी मोबाइलवर आवाज लावू नका. जे आधीच खायला आले आहेत त्यांना त्याची गरज नाही, आणि तुम्ही मानाच्या क्रमात उगाच गोंधळ घालता.

जंगल तुटतं तेव्हा

एका बिऱ्हाडाला किती जंगल लागतं? पनामा कालव्यातलं बारो कोलोरॅडो बेट सुमारे 1,500 हेक्टरचं आहे, आणि त्यावर एसिटॉनच्या पन्नासेक वसाहती मोजल्या गेल्या होत्या. म्हणजे साधारण 30 हेक्टरला एक.

आता कागदावर करून पाहा. समजा 100 हेक्टरचा जंगलाचा तुकडा उरला. त्यात तीनेक वसाहती. कुठल्याही दिवशी एखादी वसाहत मुक्कामी असण्याची शक्यता 35 पैकी 20, म्हणजे सात दिवसांपैकी चार. तिन्ही एकाच वेळी मुक्कामी असण्याची शक्यता जवळपास पाचास एक. दर पाच दिवसांतला एक दिवस असा, की तुकड्यात एकही मोठी धाड नाही. 300 हेक्टर आणि दहा वसाहती असतील तर असा दिवस पावणेतीनशे दिवसांतून एकदाच येईल. आणि 10 हेक्टरच्या तुकड्यात? तिथे मुळात एका वसाहतीचंही भागत नाही. हा हिशेब ढोबळ आहे, मुक्कामातही लहान धाडी पडतात. पण मुंगीपक्ष्याला जंगल ‘थोडंसं’ पुरत नाही, ते यावरून कळतं. त्याला झाडं मोजून लागत नाहीत, वसाहती मोजून लागतात.

ब्राझीलमध्ये मानाउस शहराच्या उत्तरेला 1979 मध्ये हाच प्रश्न प्रत्यक्ष तपासायला घेतला गेला. गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडलं जाणारच होतं. तेव्हा 1, 10 आणि 100 हेक्टरचे तुकडे मुद्दाम राखून ठेवले आणि तोडण्याआधी व नंतर त्यांतले पक्षी जाळ्यांनी पकडून, कडी घालून मोजले. तोड झाल्यावर सुरुवातीला तुकड्यांत गर्दी वाढली, कारण आजूबाजूचे निर्वासित पक्षी आत आले. मग ती ओसरली. 1 आणि 10 हेक्टरच्या तुकड्यांतून मुंगीनिष्ठ पक्षी थोड्याच काळात दिसेनासे झाले.

पण पक्षी शेजारच्या मोठ्या जंगलात उडून का जात नाहीत? अंतर तर काहीशे मीटर. इथे माणसाचा अंदाज चुकतो. हे पक्षी आयुष्यभर दाट सावलीत, जमिनीपासून दोनतीन मीटरच्या आत, छोट्या छोट्या झेपांनी वावरतात. लांब उड्डाणाची त्यांना ना सवय, ना तसे पंख, आणि लख्ख उन्हाच्या मोकळ्या पट्ट्यात शिरायला ते तयार नसतात. मानाउसजवळच्या 30-40 मीटर रुंदीच्या कच्च्या रस्त्यांनीसुद्धा सावलीतल्या कीटकभक्षी पक्ष्यांची ये-जा कमी झालेली आढळली. पनामात तर पक्ष्यांना होडीतून नेऊन गाटून तलावाच्या पाण्यावर, काठापासून मोजून अंतरावर सोडून पाहिलं. काही प्रजाती 100 मीटरसुद्धा पार करू शकल्या नाहीत. पाण्यात पडलेल्यांना होडीतून उचलावं लागलं.

मानाउसची पुढची हकीकत थोडी दिलासा देणारी आहे. काही कुरणं सोडून दिली गेली, तिथे सेक्रोपिया नावाची झपाट्याने वाढणारी झाडं उगवली. काही वर्षांत त्यांचं छत जुळलं, खाली सावली आली, आणि मुंगीनिष्ठ पक्षी त्या सावलीतून तुकड्यांत परतले. सेक्रोपिया म्हणजे काही मूळ जंगल नव्हे. फांद्या वर एकमेकींना भिडल्या, एवढंच पक्ष्याला पुरलं. जिथे सोडलेलं कुरण जाळून पुन्हा मोकळं केलं तिथे हे घडलं नाही.

अखंड जंगलातही सगळं आलबेल आहे असं नाही. पाइपलाइन रोडच्या परिसरात 1977 ते 2020 या काळात जाळी लावून पक्षी मोजले गेले. पुरेशी माहिती मिळालेल्या 57 प्रजातींपैकी 40 कमी झाल्या होत्या, आणि तिथलं जंगल तुटलेलं नव्हतं.

मधली जागा रिकामी झाल्यावर

बारो कोलोरॅडो आधी बेट नव्हतंच, टेकडी होती. कालव्यासाठी चाग्रेस नदीवर धरण बांधलं, गाटून तलाव भरला आणि 1914 पर्यंत टेकडीला चहूबाजूंनी पाणी लागलं. 1923 पासून ते राखीव आहे. झाडं सुरक्षित, शिकार बंद, मुंग्यांच्या वसाहती जागेवर. तरीही तिथल्या पक्ष्यांच्या साठाहून अधिक प्रजाती एकेक करून नाहीशा झाल्या. 1960 च्या दशकात एडविन विलिस हे पक्षितज्ज्ञ तिथल्या मुंगीपक्ष्यांना रंगीत कड्या घालून वर्षानुवर्षं पाहत होते. ओसेलेटेडचा आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत घटत गेला आणि पुढे तो पक्षी बेटावरून संपला. मुंगीपक्ष्याची जोडी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते, साप आणि इतर शिकारी त्यांतली बरीच घरटी फस्त करतात. मुख्य भूमीवर ही तूट शेजारच्या जंगलातून येणाऱ्या तरुण पक्ष्यांनी भरून निघते. बेटावर ती भरणार कोण?

मग आघाडीची मधली जागा कुणाकडे गेली? क्रमाने पाहिलं तर बायकलर्डची संख्या वाढायला हवी होती. तसं झालं नाही. वाढ झाली ती सर्वांत लहान, कडेला ढकलल्या जाणाऱ्या स्पॉटेडची. तो आता पूर्वीपेक्षा अधिक वेळ फौजेमागे घालवतो आणि त्याची संख्याही वाढली. मात्र हे ओसेलेटेड गेल्याबरोबर झालं नाही, त्याला बरीच वर्षं लागली.

ओसेलेटेड आजही आहे, सोबेरानियाच्या जंगलात, तलावाच्या पलीकडच्या काठावर. मधलं पाणी काहीशे मीटर.